रांगेतला डमी

हात पडला तो त्याच्या उजव्या खांद्यावर. बाईचा हात, हलका, किंचित ओलसर, आणि पडल्यावर तो तिथेच राहिला. जगन धानकेला आधी वाटलं, हिला घेरी आली असेल आणि आधाराला म्हणून हिनं आपल्याला धरलं असेल. म्हणून तो जरा सावरून उभा राहिला, तिला नीट टेकता यावं म्हणून. मुरबाडच्या तहसील कचेरीमागे जी लहानशी कोठडी आहे तिच्या पडवीत सात माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. समोर खुर्चीत नायब तहसीलदार, त्यांच्या बाजूला दोन पंच. नायब तहसीलदारांनी मिटलेलं पेन पुन्हा उघडलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, हाच का?" ती म्हणाली, "हाच." तेव्हा कुठे जगनच्या डोक्यात उजेड पडला. ती त्याचा आधार घेत नव्हती. तिच्या नवऱ्याला कुऱ्हाडीनं मारणारा माणूस म्हणून ती त्याला दाखवत होती.

खरं तर तो तिथे आला होता वारस नोंदीसाठी. त्याची आई म्हसा गावाकडची. आजोबांच्या मागे उरलेल्या भातशेतीच्या तुकड्यावर तिचं नाव लागायला हवं होतं, आणि त्यासाठी तलाठी त्याला मुरबाडला पाठवायचा आणि मुरबाडचा कारकून परत तलाठ्याकडे. जगन शहापूरला राहायचा, वाशिंदच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि रजा टाकून हे हेलपाटे घालणं त्याच्या जिवावर यायचं. त्या दिवशी तो कचेरीच्या आवारात चिंचेखाली बसला असताना एक हवालदार आला, बसलेल्या माणसांकडे जत्रेत बैल बघावेत तसं बघत फिरला आणि याच्यापाशी थांबला. "दादा, जरा रांगेत उभं राहायचंय. ओळख परेड आहे, डमी कमी पडतायत." डमी म्हणजे काय तेही त्यानंच सांगितलं: आरोपी एक, आणि त्याच्या वयाची, त्याच्या अंगलटीची बाकीची माणसं नुसती भरतीची. साक्षीदार येतो, आपला माणूस ओळखतो, त्याच्यावर हात ठेवतो. "तुमचं काय जातंय? साहेब खूश झाले तर तुमचं काम आजच होऊन जाईल." हे शेवटचं जगनला पटलं. सरकारी कचेरीला आपल्याकडून काही हवंय, हेच त्याला नवं होतं. तो गेला. चपला काढल्या, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, शर्ट बाहेर काढला आणि इतर भरतीच्या माणसांबरोबर भिंतीला टेकला. एक जण तंबाखू मळत होता, दुसरा त्याच्याकडे चिमूटभर मागत होता. मग आरोपीला आणलं आणि सांगितलं की तुला हवं तिथे उभा राहा. धाऊ नावाचा तो माणूस, घाटाखालच्या एका पाड्यावरचा, जगनएवढाच उंच आणि तसाच काळासावळा, रांगेवरून एक नजर फिरवून जगनच्या शेजारी येऊन उभा राहिला. का, ते त्यालाच ठाऊक. त्याच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास येत होता.

हात पडला तेव्हा धाऊनं छातीत कोंडून धरलेला श्वास सोडला. तो जगनला दंडावर जाणवला. मग हवालदार वैतागून बाहेर निघून गेला आणि नायब तहसीलदारांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं: साक्षीदार हिरी म्हादू हिने रांगेतील जगन धानके, राहणार शहापूर, यास खांद्यास हात लावून ओळखले. आपलं नाव इतक्या सावकाश वाचलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. लग्नात भटजीनं घेतलं असेल तेवढंच. "तुमचा काही संबंध नाही हो," साहेब म्हणाले. "डमीवर हात पडला तर चूक साक्षीदाराची. उद्या विसरूनही जाल तुम्ही." उतारा खरोखरच त्याच दिवशी मिळाला. तो घडी घालून खिशात ठेवत जगन बाहेर आला तेव्हा धाऊला बेडी घालून आत नेत होते. धाऊनं वळून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, सुटल्याचा आनंदही नव्हता. गावात कुणी काही भयंकर केल्याचं कळलं की माणसं त्याच्या दारावरून जाताना जशी आत डोकावतात, तसा तो डोकावत होता.

सरळगाव, किन्हवली करत एस. टी. शहापूरला पोचेपर्यंत जगननं या सगळ्याचा विनोद करून टाकला होता. जेवताना त्यानं तो बायकोला, रुपाला, रंगवून सांगितला: हवालदाराचं बैल बघणं, तंबाखूवाले डमी, आणि आपण बाईला आधार द्यायला कसे सरसावलो ते. रुपा हसली. पदर तोंडाला लावून हसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "पण सात जणांत तुमालाच का?"

"मी देखणा ना," जगन म्हणाला.

ती पुन्हा हसली. पण ताटं उचलता उचलता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "कायतरी बगितलं असेल ना तिनं." त्यात वावगं काही नव्हतं. बायका असं बोलतात. तरी जगनला वाटलं, हा प्रश्न रुपानं आज विचारायला नको होता. उद्या विचारला असता तर आपल्याकडे उत्तर असतं. दुसऱ्या दिवशीही उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यातही नव्हतं.

खून झाला होता म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत. हिरी आणि तिचा नवरा म्हादू जत्रेतून एक बैल घेऊन टोकावड्याच्या पुढे आपल्या पाड्याकडे निघाले होते. दिवस कलताना, शेतातल्या पायवाटेवर, मागून कुणीतरी आलं. एवढं जगनला रांगेतल्या लोकांच्या गप्पांतून कळलं होतं. आणि त्या संध्याकाळी जगन वाशिंदला होता, सेकंड शिफ्टला, मशीनवर. हजेरी लागली होती, शेजारी शाम होता, सगळं चोख होतं. गंमत अशी की त्या शिफ्टचं त्याला काहीएक आठवत नव्हतं. आठवणार तरी कसं? पत्रा येतो, पत्रा जातो, भोंगा होतो, डबा उघडतो. वर्षाच्या सगळ्या शिफ्ट एकमेकींत मिसळून गेलेल्या, भांड्यात ओतलेल्या पाण्यासारख्या. त्यातून एक संध्याकाळ वेगळी काढायची कशी? तो डोळे मिटून प्रयत्न करायचा आणि समोर येई नुसता आवाज. उलट ती पायवाट मात्र, जिथे तो जन्मात गेला नव्हता, दिवसेंदिवस स्वच्छ होत चालली. आधी नुसती वाट होती. मग तिच्या कडेचे भाताचे कापलेले खुंट आले, पायाला टोचणारे. मग मावळतीचा उजेड आला, तिरपा, डोळ्यांत जाणारा, म्हणजे आपण पश्चिमेकडे तोंड करून चालत असणार हे त्याला कळलं. मग पुढे चाललेल्या बैलाचा वास आला, आणि एका माणसाची पाठ आली, घामानं चिकटलेली बंडी घातलेली. ही पाठ त्याला कुणी सांगितली नव्हती. कामावरून परतताना लोकलमध्ये आसनगाव येईपर्यंत तो उभा असायचा आणि त्या पाठीकडे बघत असायचा.

एकदा डबा खाताना त्यानं शामला विचारलं, "जत्रेच्या वेळेला मी कामावर होतो ना रे?" शामला सगळी कथा ठाऊक होती. तो खो खो हसला, म्हणाला, "होतास रे बाबा, माझ्या टाळक्यावर बसला होतास." जगनला बरं वाटलं. ते बरं वाटणं चार-आठ दिवस टिकलं. मग त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी शाम कमी हसला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शामनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "खरं सांगू का? तू सारखं विचारतोस म्हणून मलाच डाउट यायला लागला. म्हणजे तू होतास. पण मला तू दिसतोस तो रोजचाच दिसतोस. त्या दिवसाचा असा नाय दिसत." आणि मग जगनचा पडलेला चेहरा बघून घाईघाईनं म्हणाला, "होतास रे. हजेरी हाय ना." त्यानंतर शाम जेवायला दुसऱ्या टेबलावर बसू लागला. भांडण नाही, तंटा नाही. तिथे पंखा होता म्हणे.

घरात तर याहून बारीक गोष्टी झाल्या. दारामागच्या खुंटीला एक कोयती असायची, कुंपणाचं निवडुंग तोडायला घेतलेली. एक दिवस ती तिथे नव्हती. जगननं शोधली नाही आणि रुपानं काही सांगितलं नाही. दुसऱ्या कामासाठी माळ्यावर चढला तेव्हा ती जुन्या गोणपाटात गुंडाळून, वर विटा ठेवून दडवलेली दिसली. त्यानं विटा होत्या तशा ठेवल्या आणि खाली उतरला. रुपा त्याच्यावर जीव टाकणारी बाई होती, आजही टाकत होती, त्याला गरम भाकरी वाढत होती. आणि तिनं कोयती लपवली होती. या दोन्ही गोष्टी एकाच बाईनं केल्या होत्या आणि तिला त्यात काही विपरीत वाटलं नव्हतं. त्याला रडू आलं. तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. खांदा त्याला आता सतत जाणवायचा. त्या कुशीवर तो झोपत नसे. न्हाव्यानं दाढी करताना तिथे हात टेकला की तो अंग चोरून घेई आणि न्हावी म्हणे, "काय झालं धानकेशेठ?" काही झालं नव्हतं. हेच तर सांगायचं होतं सगळ्यांना. पण काही झालं नाही हे माणूस किती वेळा सांगणार, आणि कोणत्या तोंडानं?

अशा वेळी दिपिका कारखानीस त्याला शोधत आल्या. कल्याणच्या एका कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या आणि साक्षीदार माणसं कशी ओळखतात, कशी चुकतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. आरोपींना भेटणारे पुष्कळ, साक्षीदारांना भेटणारेही थोडे असतात, पण भरतीच्या माणसाला कुणी कधी काही विचारत नाही, म्हणून त्या डमींना भेटत होत्या. जगन त्यांच्यासमोर असा बोलला की रुपानं दोनदा केलेला चहा दोनदा निवला. बाई हुशार होत्या आणि मनानं चांगल्या होत्या. मधे तोंड घालत नव्हत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "साक्षीदार आठवणीशी जुळणारा माणूस शोधत नाही, धानके. समोरच्यांतला त्यातल्या त्यात जवळचा निवडतो. कुणीतरी निवडायलाच हवं असं त्याला वाटतं." हे जगनला समजलं. समजल्यानं काही फरक पडला नाही. त्यांनी विचारलं, तुमचा एक फोटो काढू का, इतर सहा जणांबरोबर रांगेत उभं करून? ज्यांनी गुन्हा पाहिलेलाच नाही अशा लोकांना तो दाखवून विचारायचं की यांतला गुन्हेगार कोण. रांग चांगली असेल तर सगळी बोटं सारखी वाटली जातात. जगन हो म्हणाला. त्याला मनातून खात्री होती की बोटं वाटली जातील, आणि मग हा सगळा पसारा आवरेल.

फोटो धुऊन आल्यावर त्यानं हट्टच धरला की मला बघायचंय. बाई नको म्हणत होत्या. शेवटी मुरबाडच्या एस. टी. स्टँडवर एका दुपारी त्यांनी त्याला हॉटेलच्या आतल्या बाकड्यावर भिंतीआड बसवलं आणि स्वतः बाहेर फोटो घेऊन उभ्या राहिल्या. लहानी नावाची एक म्हातारी स्टँडवर करवंदं विकायची. हॉटेलवाला तिला त्या नावानं हाका मारत होता. बाईंनी तिच्यापुढे फोटो धरला. "आजी, यांतल्या एकानं माणूस मारलाय. कोण असेल?" म्हातारीनं करवंदाच्या रसानं जांभळं झालेलं बोट उचललं. ती विचार करत बसली नाही. भाजीतला खडा काढावा तसं तिनं बोट ठेवलं. "ह्यो."

"का गं आजी?"

"का काय? बगतो कसा बग ना."

त्यानंतर एक कंडक्टर, मग एक शाळामास्तर, मग पोराला कडेवर घेतलेली एक बाई. आतून जगनला त्यांची बोटं दिसत होती, फोटो दिसत नव्हता. पण रांगेतली आपली जागा ठाऊक असल्यावर बोट कुठे थांबतंय ते कळायला फोटो दिसायची गरज नव्हती. कंडक्टरचं दुसरीकडे गेलं तेव्हा त्याला वाटलं, त्या माणसाला मिठी मारावी. बाकीची पुष्कळशी एकाच जागी येत होती. बाई आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, आणि त्या खोटं बोलल्या नाहीत. "व्हायला हवीत त्यापेक्षा जास्त आली," त्या म्हणाल्या. "पण ऐका. तुमच्या चेहऱ्यात काही नाही. तुमच्यावर एकदा हात पडलाय, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. तुम्ही फोटोत सगळ्यांची माफी मागत उभे आहात." जगन म्हणाला, "मग हे जाणार कसं?" बाईंनी चष्मा काढून पुसला. एवढंच म्हणाल्या की ती संध्याकाळ मनात घोळवू नका. रोज घोळवलेली गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, दोन्ही डोक्यात एकाच फळीवर जाऊन बसतात. नंतर कोणती कुठून आली ते ओळखू येत नाही. त्यानं मान हलवली. फळी आधीच भरली होती हे त्यानं त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात धाऊवर खटला उभा राहणार असं कळलं; पोलिसांकडे दुसरेही पुरावे होते म्हणे. धाऊच्या वकिलाचा माणूस शहापूरला येऊन सांगून गेला, अगदी गोड बोलून: ठाण्याच्या कोर्टात बाईला विचारणार, की तू हात कुणावर ठेवलास? आणि बाई सांगणार, जगन धानकेवर. "तुमाला कायपण होणार नाय. फक्त नाव घ्यायचं तुमचं." फक्त नाव. पुन्हा ते सावकाश वाचलं जाणार, भरल्या कोर्टात, पेपरवाले बसलेले असताना, आणि त्या नावाच्या पुढे मागे खून हा शब्द येणार. रुपाच्या माहेरचे ते वाचणार. कारखान्यात वाचणार. जगननं ठरवलं की हिरीला भेटायचं. तिनं कोर्टात एवढंच म्हणावं, माझा हात चुकला. तिनं ठेवलेला हात तिनंच उचलायला हवा होता. हजेरीपटानं तो उचलला नव्हता, शामनं नाही, शिकलेल्या बाईनंही नाही.

टोकावड्याला एस. टी. तून उतरून तो चालू लागला. पाड्याकडे जाणारी वाट त्याला कुणाला विचारावी लागली नाही. सरळच तर होती, असं त्यानं स्वतःला बजावलं. एकच वाट असली तर माणूस चुकणार कुठे? दोन्ही बाजूंना भाताचे खुंट होते. उन्हाळ्यात सगळीकडेच असतात. तो त्यांच्याकडे न बघता चालला.

हिरी ओट्यावर मोहाची फुलं वाळत घालत होती. गोड, आंबूस वास सगळ्या अंगणाला येत होता. तिनं वर बघितलं आणि त्याला लगेच ओळखलं, पण घाबरली नाही. "तुमी मुरबाडचे. रांगेतले," ती म्हणाली आणि आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पन्नाशीची, वाळकी बाई, हातात काही नाही, कपाळ मोकळं. जगन पाणी प्यायला. वाटेत त्यानं पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकच तोंडातून निघालं. "मावशी, कोर्टात सांगा ना, हात चुकला म्हणून."

"चुकला नाय," हिरी म्हणाली. फुलं पसरणारा तिचा हात थांबला नाही. "मला म्हाईत होतं तुमी नाय ते."

तीच पुढे बोलली, कुणाला तरी हे सांगायचं राहून गेल्यासारखी. "धाऊच होता. बांधावरनं भांडण होतं त्यांचं, जुनं. मी बगितलं त्याला, इतक्या जवळनं. पण पोरीचं आमच्या, गोदूचं, त्याच्याच भावाच्या घरात ठरलं होतं. पोलिसाला काय त्याचं? मी सांगितलं, वळखीचा नाय, बगितला तर सांगेन. तर त्यांनी भांडणावरनं त्यालाच धरला, आन मला रांगेपुढं उभं केलं. आता त्याला हात लावला असता तर पोरीला कोणी घेतलं असतं? आन घेतलं असतं तर जगू दिलं असतं? आता नांदतेय ती." तिनं थोडा वेळ फुलं निवडली. "मग तुमी दिसलाव. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा होता तुमच्या. म्हटलं हा नोकरीवाला. ह्याला कोण काय करतंय? कायतरी करायलाच लागणार होतं, साहेब समोर बसलेला." मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमाला तरास झाला का?"

त्रास झाला का. जगनला एकदम हसू आलं, पोटातून आलं. एवढंच होतं. त्याच्या चेहऱ्यात काही नव्हतं, नजरेत नव्हतं. घड्याळानं अंगावर ठेवलेला एक पांढरा पट्टा, बस. रुपाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. कोर्टात ती पुन्हा त्याचंच नाव घेणार होती, पोरीसाठी घेणार होती, आणि त्या क्षणी त्याला त्याचंही काही वाटेना. घ्या नाव. त्याला आता माहीत होतं. फक्त एक राहिलं होतं: ती संध्याकाळ. खरी संध्याकाळ एकदा तिच्या तोंडून ऐकली की डोक्यातली आपोआप खोटी ठरेल आणि पुसून जाईल, या विचारानं त्यानं विचारलं, "झालं कसं मावशी ते?"

तिनं सांगितलं. फार नव्हतंच सांगण्यासारखं. म्हादू पुढे, बैलाचा कासरा हातात. ती मागे रेंगाळली होती, पायात काटा गेला म्हणून. धाऊ शेतातून आला, तिच्या पुढ्यातून म्हादूच्या मागे गेला. एकच घाव. "यांच्या तोंडातनं शब्द नाय फुटला. बसले न् आडवे झाले. बैल सुटून पळाला. मी बसून राहिले नुसती. एक शब्द बोलले असते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा ओला झाला, "एक शब्द, तर मला आयुष्याला पुरला असता."

"बोलले की," जगन म्हणाला.

तो असं म्हणाला हे त्याला ऐकू आल्यावर कळलं. हिरीचा हात फुलांत थांबला. गप्प बसावं, पाणी मागावं, उठावं, असं सगळं त्याच्या मनात आलं. पण ती बाई इतकी आशेनं बघत होती आणि त्याला ते इतकं स्पष्ट ऐकू येत होतं. "खाली बसताना बोलले. थांब रे, म्हणाले. थांब रे, थांब. बैलाला."

कुणीही म्हणेल असं वाक्य. सुटलेल्या बैलाला माणूस दुसरं काय म्हणणार? ती आता म्हणेल, नाय हो, तसं काय नाय झालं, आणि ते झाल्याबरोबर आपण सुटू, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हिरीचे ओठ हलले. तिनं ते शब्द आवाज न काढता एकदा म्हणून बघितले. मग डोळे मिटून पुन्हा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, सुरकुत्यांतून वाट काढत हनुवटीपर्यंत गेलं, आणि तिचा चेहरा सुखावलेला दिसू लागला.

"हां," ती म्हणाली. "म्हणाले होते. थांब रे, म्हणाले. बैलाला नाय. मारणाऱ्याला म्हणाले." आणि हळूहळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "मी कशी इसरले?"

मग तिनं डोळे उघडले. ती जगनकडे बघत होती. आधी नुसती बघत होती. मग तिचे डोळे त्याच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर असे उतरू लागले, सावकाश. मुरबाडच्या पडवीत तिनं त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. तिथे तिनं त्याच्यात मारणारा शोधलाच नव्हता.

"पन हे तुमाला कसं म्हाईत?" ती म्हणाली.

जगननं तोंड उघडलं. मला माहीत नाही, मी नुसतं म्हणालो, मी वाशिंदला होतो, मशीनवर. यातलं काहीच बाहेर आलं नाही. हिरी उठली. फुलांवर पाय पडणार नाही इतकं जपून ती मागे सरकत गेली, पाठ न वळवता, आणि शेजारच्या घराकडे तोंड करून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सकुबाई, जरा माणसांना हाक मार गो." मग ती आत गेली आणि आतून कडी लागली.

अंगणात कोणी नव्हतं. शेजारच्या घरात कुणाची तरी लगबग ऐकू आली, एक भांडं पडलं, मग तेही थांबलं. जगन ओट्यावर तसाच बसून होता. पळायला हवं, असं त्याला वाटलं. शेतातून, वाट सोडून, मावळतीकडे तोंड करून. आणि हे वाटणं त्याला ओळखीचं वाटलं.